नाही कोण म्हणालं?

एंटर दाबू नका. टर्मिनल उघडलंय, काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकतोय, पिंग आणि त्यापुढे साइटचं नाव टाइप करून झालंय. बोट एंटरवर टेकलंय. राहू द्या तसंच.

हे मनन डोळे उघडे ठेवून करायचं आहे. मांडी घालायची गरज नाही, खुर्ची चालेल. चहाचा कप मात्र कीबोर्डपासून लांब सरकवा. निमित्त एवढंच, की तालुक्याच्या वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन येऊन गेलाय : "अहो, आपली साइट उघडत नाहीये. सकाळपासून." तुम्ही लगेच ब्राउझरमध्ये बघितलंत, तर तुमच्याकडे साइट उघडली. नव्या पुस्तकांची यादी, दिवाळी अंकांच्या योजनेची सूचना, सगळं जागच्या जागी. ‘माझ्याकडे तर चालतेय’ हे वाक्य जिभेवर आलं. ते आवरा. त्या वाक्यानं आजवर एकही बंद साइट सुरू झालेली नाही.

आधी बाईंचे शब्द समोर ठेवा. ‘उघडत नाहीये.’ नावावरून पत्ताच सापडला नसेल. पत्ता सापडून पाकीट वाटेत कुठेतरी हरवलं असेल. पाकीट सर्व्हरपर्यंत पोचूनही त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नसेल. किंवा ऐकणारा असेल, पण आलेल्या माणसाला भलतीच साइट दाखवत असेल. बाईंच्या तक्रारीत हे सगळं एकत्र आहे आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. पलीकडून बघणाऱ्याला एक रिकामं पान आणि त्यावरची चार राखाडी अक्षरं एवढंच दिसतं. त्या राखाडी अक्षरांत काय लिहिलंय, हे तुम्ही विचारलं नाहीत. असू दे. त्याकडे नंतर येऊ.

आज लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचं. प्रत्येक कमांड एक छोटा प्रश्न असते आणि उत्तर मिळतं ते तेवढ्याच प्रश्नाचं. उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ते कोणी म्हटलं? आणि काहीच आलं नाही, तर त्याला ‘नाही’ समजायची घाई आपण का करतोय?

आता दाबा एंटर.

पहिली ओळ आली. एका सेकंदानं दुसरी. मग तिसरी. लिनक्सवर असाल तर तुम्ही थांबवेपर्यंत या ओळी येत राहतील. विंडोज चार पाठवतं आणि हिशेब मांडून मोकळं होतं. मननाला लिनक्सचं पिंग बरं. वाचू नका अजून, नुसत्या येऊ द्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक पाकीट जाऊन परत आल्याची पावती आहे. तुमच्या यंत्रानं ‘आहेस का?’ विचारलं आणि लांबच्या कुठल्यातरी यंत्राच्या कर्नलनं, कुठल्याही माणसाला किंवा प्रोग्रामला न उठवता, ‘आहे’ म्हटलं.

आता एक ओळ निवडा आणि सावकाश वाचा. पत्ता १९२.०.२.१० असा आहे असं धरू (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखलेल्या गटातला आहे, त्यामुळे कुणाच्या खऱ्या सर्व्हरला आपला त्रास होणार नाही). ६४ बाइट. टीटीएल ५२. वेळ २४ मिलिसेकंद. बहुतेक लोक वेळ बघतात आणि टीटीएल सोडून देतात. तुम्ही सोडू नका. लिनक्स सर्व्हर उत्तर पाठवताना हा आकडा सहसा ६४ ठेवतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. ५२ उरले, म्हणजे परतीच्या वाटेवर १२ राउटर लागले. जाताना किती लागले, हे या ओळीत नाही. जायची वाट आणि यायची वाट वेगळी असू शकते. इंटरनेटवर तसं सर्रास घडतं.

आणि २४ मिलिसेकंद? काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, निर्वात पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. म्हणजे जाऊन-येऊन एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त १०० किलोमीटर लांबची फेरी होते. तुमचा सर्व्हर २,४०० किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नाही. अलीकडे कुठेही असेल, कारण पाकिटं वळणं घेतात, रांगेत थांबतात. एका ओळीवरून सर्व्हर अमेरिकेत नाही हे छातीठोकपणे सांगता येतं. मला हा हिशेब फार आवडतो. कुठल्या कंपनीच्या दाव्यावर विश्वास ठेवायला लागत नाही, प्रकाशाच्या वेगावर ठेवला की पुरतं.

हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिला. ते मेरीलँडमधल्या ॲबरडीन इथे अमेरिकी लष्कराच्या क्षेपणविद्या प्रयोगशाळेत काम करत. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेत डेव्ह मिल्स यांनी प्रतिध्वनीच्या पाकिटांनी वाटेचा वेळ मोजल्याचं काहीतरी सांगितलं होतं, ते म्यूस यांच्या डोक्यात राहिलं. मग एक दिवस प्रयोगशाळेचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं आणि त्यांनी एका संध्याकाळीतच हजारेक ओळींचा प्रोग्राम पुरा केला. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून घेतलं. यातला मला भावणारा भाग पुढे आहे : त्यांचं पहिलं पाकीट सुटायच्या आत त्यांच्या एका सहकाऱ्याला बिघडलेलं हार्डवेअर सापडलंही होतं. पुढे जगभर वापरला गेलेला हा शोधप्रोग्राम ज्या बिघाडासाठी जन्मला, त्या बिघाडाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

कंट्रोल-सी. थांबवा. ओळी पुरे झाल्या.

पिंगचं उत्तर आलं, म्हणजे यंत्र जागं आहे आणि वाट चालू आहे. उत्तर आलं नसतं तर? इथे जरा रेंगाळा, कारण इथे फार जण फसतात. क्लाउडवरच्या कितीतरी सर्व्हरांसमोरची फायरवॉल पिंगची पाकिटं मुळात आतच सोडत नाही, मग साइट मजेत चालू असली तरीही. तेव्हा पिंग गप्प राहिलं की ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून फोन फिरवणारा माणूस न मिळालेल्या उत्तरातून निकाल काढत असतो.

ट्रेसरूटही याच जातीचं, त्यावर फार वेळ नको. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन यांनी स्टीव्ह डिअरिंग यांच्या सूचनेवरून ते लिहिलं. युक्ती अशी, की टीटीएल मुद्दाम १ ठेवून पाकीट सोडायचं. ते पहिल्याच राउटरवर मरतं आणि तो राउटर ‘तुमचं पाकीट माझ्यापाशी संपलं’ असं कळवतो. मग २, मग ३. मृत्यूच्या निरोपांवरून वाटेचा नकाशा काढायचा. मध्येच तीन चांदण्या येतात आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. चांदण्यांचा अर्थ एवढाच, की त्या टप्प्यावरच्या राउटरनं कळवायची तसदी घेतली नाही. त्यापुढच्या ओळी येत असतील तर वाट तिथे तुटलेली नाही. पुढे सरका.

आता पोर्ट. साइट सुरक्षित असेल तर ४४३, जुन्या पद्धतीची असेल तर ८०. कर्ल ही कमांड बोलकेपणाच्या पर्यायासह चालवा. तुमच्याकडे ती लगेच जोडली जाईल. तरीही इथे डोळ्यांसमोर दोन दुसरी उत्तरं आणा, कारण सगळ्या मननाचा गाभा त्यांच्यात आहे. एक : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. दुसरं : ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

लोकांना पहिलं जास्त लागतं, त्यात नकार आहे म्हणून. पण वाड्याच्या दारात उभं राहून हाक मारल्यावर आतून कुणी ‘इथे त्या नावाचं कुणी राहत नाही’ असं ओरडलं, तर वाड्यात माणसं आहेत, हाक ऐकू गेली आणि उत्तर तुमच्यापर्यंत आलं, हे सगळं एकदम कळतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सहसा तेच. यंत्र आहे, वाट आहे, त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम तेवढा नाही. अपाची किंवा एनजिनएक्स बंद पडलाय, किंवा भलत्याच पोर्टवर बसलाय. एका वाक्यात निम्मं निदान झालं.

‘टाइम्ड आउट’ किती वेळानं येतं, हे कधी शांतपणे बघितलंय? आत्ता मनातल्या मनात बघा. तुमच्या लिनक्सनं पहिलं पाकीट पाठवलं. १ सेकंद वाट बघितली, पुन्हा पाठवलं. मग २ सेकंद. मग ४. मग ८. मग १६. मग ३२. प्रत्येक वेळी दुप्पट धीर. शेवटच्या पाकिटानंतर ६४ सेकंद. एकूण १२७ सेकंद, आणि मगच हार मानली. (नव्या कर्नलांत सुरुवातीच्या पायऱ्या थोड्या बदलल्या आहेत, जुनी, दुपटीची चाल मला मननासाठी सोयीची वाटते.) तुम्ही मात्र पंधराव्या सेकंदाला खिडकी बंद करून सर्व्हर रीस्टार्ट मारायला निघालेले असता. यंत्र तोवर जेमतेम चौथं पाकीट टाकून वाट बघतंय.

रीस्टार्टबद्दल एक बोलून घेतो. मी त्याच्या विरोधात नाही, कधीकधी तेच औषध असतं. पण काय झालंय हे कळायच्या आधी रीस्टार्ट मारलं, की मेमरीतलं, अर्धवट जोडण्यांमधलं, चालू प्रक्रियांमधलं सगळं पुसलं जातं. साइट सुरू होते आणि कारण निसटतं. महिन्याभरानं ते पुन्हा येतं, बहुधा शनिवारी रात्री.

तुमच्या कर्लला मात्र उत्तर मिळालं. २०० क्रमांकाचं, म्हणजे ठीक. पान बरोबर आहे का तेही बघा, कारण ‘ठीक’ म्हणून भलतंच पान देणं सर्व्हरला सहज जमतं. एकाच पत्त्यावर पन्नास साइट राहतात. आलेला माणूस कुणाकडे आलाय, हे त्यानं सोबत आणलेल्या होस्ट या ओळीतल्या नावावरून ठरतं. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१पासून ही ओळ सक्तीची आहे. ते नाव अपाचीच्या कुठल्याच सर्व्हरनेमशी जुळलं नाही तर तो ‘नाही’ म्हणत नाही. यादीतली पहिली साइट उचलून हातात ठेवतो. उबुंटूवर ती पहिली साइट पुष्कळदा ‘इट वर्क्स!’ असं लिहिलेलं मूळ पान असतं. नाव ओळखलं गेलं नाही, नेमक्या त्याच वेळी पडद्यावर ‘चालतंय!’ अशी ग्वाही. इतका हसरा गैरसमज दुसरीकडे क्वचितच भेटतो.

तिथूनच जवळ आणखी एक ओळ असते, अपाची सुरू होताना येणारी : सर्व्हरचं पूर्ण नाव खात्रीनं ठरवता आलं नाही, १२७.०.१.१ वापरतोय. नवे लोक या ओळीमागे अख्खी संध्याकाळ घालवतात. यंत्रानं स्वतःलाच स्वतःचं नाव विचारलं, डेबियननं इन्स्टॉल करताना लिहून ठेवलेली ओळ सापडली, आणि त्यात पूर्ण नाव नव्हतं. इशारा आहे, बिघाड नाही. एक सर्व्हरनेम लिहिलं की गप्प होतो, नाही लिहिलं तरी साइट चालतात.

तर आतापर्यंत सगळं ठीक. यंत्र जागं, वाट चालू, पोर्ट उघडं, साइट बरोबर. आणि बाईंच्याकडे सकाळपासून काही उघडत नाहीये. दोन्ही खरं आहे. इथे चिडचिड सुरू होते, ती होऊ द्या. ‘त्यांचंच वाय-फाय गंडलं असेल’ हा विचार येईल. येऊ द्या, त्याच्यामागे जाऊ नका.

आता डिग, नावावरून पत्ता विचारणारी कमांड, आणि तेच नाव.

उत्तरात वर एक शब्द आहे, स्टेटसच्या पुढे : एनएक्सडोमेन. या नावाचं काही अस्तित्वातच नाही.

थांबा. वर स्क्रोल करा. याच खिडकीत, दहा मिनिटांपूर्वी, याच नावाचं पिंग चालू होतं. आता डिग म्हणतंय असं नावच नाही. दोघांतलं कोणी खोटं बोलत नाही, हे धरून बसा. कीबोर्डवरून हात काढा. मग दोघांनी कोणाला विचारलं?

तत्पूर्वी, नाव तेच विचारलंत ना, एवढं बघून घ्या. एनएक्सडोमेनचं सगळ्यात सामान्य कारण एक चुकलेलं अक्षर असतं. आपल्या लिपीत तर ही भानगड आणखी खोल जाते. २०१४पासून .भारत मध्ये देवनागरीत नावं घेता येतात आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीत त्याची चर्चा झालीही होती. आत मात्र डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच झेपतं, म्हणून देवनागरी नाव प्युनिकोड या पद्धतीनं वळवून पाठवलं जातं. टर्मिनलवर ते आपल्याला ओळखूही येत नाही. त्यातही आपला अर्धचंद्री रफार संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि एका तऱ्हेत एक अदृश्य जोडचिन्ह लागतं. २००३च्या जुन्या नियमांत नाव वळवताना ते चिन्ह गुपचूप गाळलं जाई. म्हणजे डोंगरातल्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या, दोघांचा पत्ता एकच. २००८च्या नियमांनी हे सुधारलं, पण सगळ्या प्रोग्रामांनी ते एकदम उचललं नाही. वाचनालयाचं नाव शेवटी रोमन लिपीत, डॉट कॉममध्ये राहिलं. त्यात चूक नाही, दोनदा तपासलंत.

मग प्रश्न उरला तो हाच, की कोणाला विचारलं. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग, कर्ल, ब्राउझर हे सगळे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतात आणि ती बाहेर जायच्या आधी घरातली एक छोटी फाइल वाचते. तिचं नाव होस्ट्स. उघडा ती. वर लोकलहोस्ट, १२७.०.०.१. खाली दोन-तीन ओळी. आणि अगदी शेवटी वाचनालयाच्या साइटचं नाव, त्यापुढे ‘टेस्टिंगसाठी, नंतर काढणे’. गेल्या खेपेला साइट नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा जगाला दाखवायच्या आधी स्वतः बघून घ्यावी म्हणून घातलेली ओळ. अशी ओळ घालणं हीच योग्य रीत आहे. काढणं राहून जाणं ही जवळजवळ तितकीच जुनी रीत.

या फाइलकडे जरा आदरानं बघा. एके काळी अख्ख्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्कच्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते फाइलमध्ये भर घालणार, मग प्रत्येकानं नवी प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली आणि हे आवरेना. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, जिच्यात पूर्ण यादी कुणा एकाकडे नसते. प्रत्येकाला फक्त आपल्या खालचं माहीत असतं. नोव्हेंबर १९८७मध्ये त्याचे नियम ज्या रूपात लिहिले गेले, त्यांच्याच पायावर आजही नावं सापडतात. जुनी फाइल मात्र कुणी काढून टाकली नाही. ती अजून प्रत्येक यंत्रात आहे आणि बहुतेक ठिकाणी आजही पहिला मान तिचाच.

त्या ओळीच्या सुरुवातीला एक हॅश टाका. सेव्ह करा. आता ब्राउझर ताजा करून बघा. तुमच्याकडेही साइट गेली. आता तुम्ही आणि बाई एकाच ठिकाणी उभे आहात. आता फोन उचला आणि विचारा, पानावर राखाडी अक्षरांत काय लिहिलंय. त्या अडखळत वाचतील : डीएनएस, प्रोब, फिनिश्ड, एनएक्सडोमेन. सकाळपासून त्यांच्यासमोर होतं.

तर नाव नाही, असं म्हणालं कोण? तुमच्या सर्व्हरनं नाही म्हटलेलं. तो तर सकाळपासून बिचारा रिकामा बसलाय. तुमच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर म्हणाला, पण त्यानंही ते कुठूनतरी ऐकलेलंच. डिगला ट्रेसचा पर्याय जोडा आणि ओळी खाली उतरताना बघा. आधी मूळ सर्व्हर, ज्यांची १३ नावं आहेत आणि त्या नावांआड जगभर पसरलेली हजाराहून जास्त यंत्रं. त्यांना तुमचं नाव माहीत नाही, त्यांची तशी अपेक्षाही नाही. कॉमसाठी कोणाला विचारायचं, तेवढं ते सांगतात. मग कॉमचे सर्व्हर. आणि ‘असं नाव नाही’ हे ते म्हणतात. ज्यांना तसं म्हणायचा अधिकार आहे, त्यांनीच म्हटलं.

या ‘नाही’चा नेमका रंग कळावा म्हणून ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र आठवा. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गेले. ज्यांनी त्या रात्री डिग मारलं, त्यांना एनएक्सडोमेन नाही दिसलं. दिसलं सर्व्हफेल. म्हणजे : विचारायला गेलो, उत्तर मिळू शकलं नाही. वरवर नावाचाच बिघाड. खरं कारण वाटेत होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडनं फेसबुकची स्वतःची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. ती कमांड अडवायला ठेवलेल्या तपासणी प्रोग्राममध्ये दोष होता. डेटा सेंटर दिसेना तेव्हा त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी, जसं शिकवलं होतं तसं, जगाला आपल्याकडे यायची वाट सांगणं बंद केलं. ते सर्व्हर चालू होते. फक्त त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. इंजिनिअरांनाही आपल्याच इमारतींमध्ये शिरून काम करायला वेळ लागला, कारण आतली साधनं त्याच नेटवर्कवर उभी होती. सुमारे सहा तास गेले. त्या रात्री ‘फेसबुकनं आपलं नाव रिन्यू केलं नाही’ अशा गावगप्पाही फिरल्या. सर्व्हफेल आणि एनएक्सडोमेन यांतला फरक बघणाऱ्याला त्या गप्पा तिथल्या तिथे बाजूला ठेवता आल्या असत्या.

रिफ्यूज्ड आणि टाइमआउट, एनएक्सडोमेन आणि सर्व्हफेल. दोन मजल्यांवर तोच फरक. कुणीतरी स्पष्ट ‘नाही’ म्हटलंय, की कुणी बोललंच नाही? हे एकदा डोळ्यांत बसलं की लॉगच्या ओळी वेगळ्या वाचता येतात.

तुमच्या बाबतीत स्पष्ट ‘नाही’ आहे, वरून आलेलं. म्हणजे सर्व्हरवर करण्यासारखं काही नाही. तिथली खिडकी बंद केलीत तरी चालेल. आता हूइज, नावाची नोंदणी दाखवणारी कमांड. नोंदणी आहे. मुदत पुढच्या वर्षीपर्यंत आहे. पैसे भरलेले आहेत. आणि स्टेटसमध्ये दोन शब्द : क्लायंट होल्ड. नाव नोंदलेलं आहे, पण रजिस्ट्रारनं ते कॉमच्या चालू यादीतून मागे धरलंय.

का, ते कमांडनं कळणार नाही. बाईंनाच विचारा. नवे सेक्रेटरी आले, म्हणून नोंदणीतला ईमेल बदलला. अशा बदलानंतर, आयकॅनच्या २०१३च्या करारानुसार, रजिस्ट्रार नव्या ईमेलवर पडताळणीचा दुवा पाठवतो; १५ दिवसांत तो कुणी दाबला नाही, तर त्याला एक तर स्वतः खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर नाव रोखून ठेवावं लागतं. ईमेल आला होता. इंग्रजीत होता, ‘तातडीनं इथे क्लिक करा’ छापाचा होता. सेक्रेटरींनी तो फसवणुकीचा समजून उडवून दिला. त्यांना नावं ठेवू नका. दहातल्या नऊ वेळा असा ईमेल उडवणंच शहाणपणाचं असतं.

दुवा पुन्हा मागवला, दाबला गेला. आता कॉमच्या सर्व्हरला थेट डिग करा. नोएरर, आणि खाली तुमचे नेमसर्व्हर. पण तुमच्या रिझॉल्व्हरला विचारलंत तर अजून एनएक्सडोमेन. घाबरू नका, पुन्हा एकदा तीच कमांड चालवा आणि उत्तरातल्या एसओए ओळीतला सेकंदांचा आकडा बघा. मघापेक्षा कमी झालाय. १९९८मध्ये ठरलेल्या नियमांप्रमाणे ‘नाही’ हे उत्तरही ठरावीक वेळ लक्षात ठेवलं जातं. लोक याला ‘प्रॉपगेट व्हायला वेळ लागतो’ म्हणतात, जणू नवं उत्तर हळूहळू जगभर पसरतंय. काही पसरत नसतं. ठिकठिकाणची जुनी उत्तरं आपापल्या घड्याळानं विझत असतात, आणि ज्यानं सकाळपासून विचारलंच नव्हतं, त्याला पहिल्या फटक्यात खरं उत्तर मिळतं.

म्हणून बाईंना फोन करून सांगा, की वाचनालयाच्या वाय-फायवर थोडा वेळ जाईल, कारण तिथून दिवसभर सगळ्यांनी विचारून विचारून ‘नाही’ साठवून ठेवलंय. तोवर मोबाइल डेटावर उघडून बघा. आणि नोंदणीत सेक्रेटरींचा ईमेल नको, वाचनालयाचा स्वतःचा घाला, हेही आत्ताच सांगून टाका. नंतर राहून जातं.